मुक्काम वाई

मे महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी सुरूर फाट्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या महामार्ग सोडून उजवीकडे वळतात. त्यातल्या बहुतेकांना पाचगणी किंवा महाबळेश्वर गाठायचं असतं. वाई वाटेत लागते, चहापुरती किंवा तेवढीही नाही. पसरणीचा घाट चढायची इतकी घाई असते, की कृष्णेच्या पुलावरून जाताना खाली पाहायचंही राहून जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मुलांना घेऊन उन्हाळ्यात चार दिवस कुठे जावं, असं कुणी विचारलं तर मी सांगते : मुक्काम वाईत करा आणि महाबळेश्वरला हवं तर एक फेरी मारून या.

आमच्यासाठी हे सोपं आहे, कारण माझ्या आत्याचं घर वाईत आहे. लाकडी जिना, मागे परस, परसात आंबा आणि गच्चीवरून समोर पांडवगड. पण नातेवाईक नसले तरी अडत नाही. गावात साधी, स्वच्छ लॉजेस आहेत, घरगुती जेवण देणारी माणसं आहेत. पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर. स्वारगेटहून थेट एसटी मिळते, आणि एकदा पोचलं की मेणवली, धोम, पाचगणी सगळीकडे एसटी किंवा रिक्षा जाते. आम्ही गाडी पुण्यात ठेवूनच जातो. मुलांना खिडकीची जागा मिळाली की प्रवासाची निम्मी मजा तिथेच वसूल होते.

उन्हाळ्यातल्या वाईत दिवसाचे तीन तुकडे पडतात आणि ते पाळले तरच सहल सुखाची होते. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत भटकायचं, दुपार घरात काढायची आणि उन्हं कलली की पुन्हा बाहेर पडायचं. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, त्यामुळे रात्री बऱ्या असतात. दुपार मात्र तापते. भर उन्हात नदीच्या घाटावरच्या दगडांवर अनवाणी पाय ठेवून पाहिला की हे वेळापत्रक मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिली सकाळ नेहमी गणपती घाटाची. ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. वाईचं आजचं रूप बरंचसं रास्ते घराण्याचं देणं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या कन्या. गणपतीची मूर्ती एवढी मोठी की गाभारा तिच्याभोवती बांधल्यासारखा वाटतो. मुलं आधी पोटाकडे पाहतात, मग मान वर करून तोंडाकडे. पण मंदिराची खरी गंमत मागच्या बाजूला आहे. मंदिर अगदी नदीकाठावर, पावसाळ्यात पुराच्या तोंडाशी. म्हणून प्रवाहाकडची भिंत सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे. पुराचं पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही बाजूंना फुटतं आणि भिंतीवरचा जोर कमी होतो.

हे मुलांना कसं सांगायचं? आत्याने सोपी युक्ती केली. घाटाखालच्या एका ओघळात आमच्या धाकट्याला हात धरायला सांगितला, आधी तळवा प्रवाहासमोर आडवा, मग हाताची कड प्रवाहाकडे. तळव्याला पाणी ढकलतं, कडेवरून ते निघून जातं. "आत्याआजी, म्हणजे गणपतीने पाण्याकडे हाताची कड केलीय!" असं तो ओरडला आणि त्यानंतर देवळाला तीन प्रदक्षिणा त्याने त्या भिंतीला हात लावतच घातल्या. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या गवंड्याचा विचार सात वर्षांच्या मुलाला हाताने कळतो, ही मला सहलीची मोठी कमाई वाटते.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं मंदिर आहे. तिथला काळ्या दगडाचा नंदी हात फिरवून पाहावा इतका गुळगुळीत आहे. त्याच्या गळ्यातल्या घुंगरमाळेची एकेक घंटा कोरलेली आहे. थोरलीने वहीत ती माळ काढायला घेतली आणि आम्ही सगळे सावलीला बसून राहिलो. घाईची सहल असती तर हा अर्धा तास मिळाला नसता.

वाईच्या आळ्या नदीकाठाने आहेत आणि आळीगणिक घाट आहे : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. थंडी सरताना या घाटांवर एकापाठोपाठ एक कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीलाच देवी मानून तिला पालखीत बसवायचं, तिच्यापुढे कीर्तन करायचं, तिच्या नावाने पंगती उठवायच्या, असा हा उत्सव. त्याच नदीत गावाजवळ जलपर्णी साचते, सांडपाणी येतं, प्लास्टिक तरंगतं. हे पाहून जीव तुटतो. आम्ही मुलांना एक नियम घातला आहे : घाटावर नेलेली प्रत्येक पिशवी परत आणायची आणि निर्माल्यही नदीत टाकायचं नाही. गावातली मंडळी घाट साफ करायला उतरतात तेव्हा पाहुण्यांनीही तासभर हात लावावा. मुलांना त्यात कष्ट वाटत नाहीत. उलट कुणी किती गोळा केलं याची चढाओढ लागते.

पोहायचं असेल तर मेणवलीला जावं. मेणवली वाईपासून ३ किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला, त्यामुळे पाणी गावातल्यापेक्षा पुष्कळ निवळ. पहाटे साडेपाचला निघून चालत गेलं तर उसाच्या आणि हळदीच्या वावरांमधून रस्ता जातो. हळदीची काढणी आटोपलेली असते, पण शिजवलेल्या हळदीचा वास कुठेतरी रेंगाळत असतो. मेणवली गाव १७६८ मध्ये औंधच्या प्रतिनिधींकडून नाना फडणवीसांना मिळालं आणि नानांनी तिथे वाडा, घाट आणि देवळं बांधली. वाडा अजून उभा आहे. चौकामागून चौक, जाड भिंती, भिंतींवरची पुसट होत चाललेली चित्रं. पेशवाईच्या अभ्यासकांना मेणवली दप्तर माहीत असतं. नानांचा पत्रव्यवहार आणि कागदपत्रं या वाड्यात सापडली आणि त्यांच्याशिवाय अठराव्या शतकाचा मराठी इतिहास लंगडा राहिला असता. मुलांना मात्र इथे "स्वदेस" सिनेमा झाला होता हेच आधी आठवतं. २००४ चा तो सिनेमा पाहिलेल्या माणसाला हा घाट पाहताक्षणी ओळखू येतो.

वाड्यामागून उतरलं की अर्धचंद्राकृती घाट. पायऱ्या इतक्या सुरेख वळलेल्या आहेत की कुठेही बसलं तरी नदी समोरच येते. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी देवळं आहेत आणि जवळच एका छोट्या देवळीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरली आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, नाशिकची नारोशंकराची घंटाही त्याच प्रकारची. आमच्या थोरलीने विचारलं, "मग मेरी इथे कधीपासून राहते?" मला हा प्रश्न फार आवडला. इतक्या वर्षांत कृष्णाकाठी कुणी तिला घासून पुसून टाकलेलं नाही, हे मी तिला सांगितलं.

मग पाणी. मेणवलीची पोरं पाठीला डबा बांधून किंवा ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून पोहायला शिकतात. शिकवणारा कुणाचातरी काका असतो, तो पायरीवर उभा राहून नुसता ओरडतो आणि पोरं शिकतात. आमच्या मुलांचे पुण्यातल्या तलावातले क्लास झालेले होते, तरी वाहत्या पाण्याशी त्यांची ओळख नव्हती. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. उन्हाळ्यात धोम धरणातून शेतीसाठी आवर्तन सोडतात, तेव्हा नदीचं पाणी आणि ओढ दोन्ही बदलतात. काल गुडघाभर असलेली जागा आज वेगळी असू शकते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी घाटावर धुणं धुणाऱ्या बाईंना किंवा गावातल्या माणसाला विचारायचं, आणि ते "नको" म्हणाले तर उतरायचं नाही. पायऱ्यांवर पाय सोडून बसलं तरी मजा काही कमी होत नाही. मासे पायाला चुटूचुटू टोचतात आणि मुलं तास तास हसत बसतात.

दुपारी आत्याकडे आमची खरी मैफल असते. एप्रिल-मेमध्ये या घरांच्या गच्च्या वाळवणांनी भरतात आणि मुलांना यात मोठ्यांइतकंच काम मिळतं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात. मग ते वाटून, फडक्यातून गाळून चीक काढायचा. रात्रभर तो निवळतो, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून त्यात चीक सोडायचा आणि हात न थांबवता घोटायचा, नाहीतर गुठळ्या होतात. गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या. शिजलेला चीक वाटीत घेऊन दूध-साखर किंवा तेल-तिखट घालून खाणं हा आमच्या बालपणातला सगळ्यात मोठा मोबदला होता, आणि पोरांनाही तो पटला. नंतर कावळे हाकलायची पाळी. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, बसायला जिन्याच्या तोंडाशी सावली. अर्ध्या वाळलेल्या कुरडया राखणदारच पळवतात, हे आत्याला माहीत असतं, म्हणून ती दोन ताटं जास्तच घालते.

वाळवणं आटोपली की सागरगोटे, पत्ते, परसातल्या कैऱ्यांचं पन्हं. घरात टीव्ही आहे, पण त्या दिवसांत तो कुणाला आठवत नाही.

थोरलीला वाचनाचं वेड आहे, म्हणून एका दिवशी मी तिला गंगापुरीतल्या विश्वकोशाच्या कार्यालयात घेऊन गेले. मराठी विश्वकोश या छोट्या गावात घडला, हे आजच्या मुलांना कुणी सांगत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, वाईतच राहिले, आणि विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले तेव्हा काम मुंबईला न नेता गावात आणलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या जाडजूड खंडांसमोर उभी राहून तिने "मधमाशी" शोधली, मग "महाबळेश्वर", मग स्वतःच्या आवडीचं काहीबाही. सरकारी कार्यालय असल्यामुळे सुट्टीचा दिवस टाळून जावं. मे महिन्यात गावात लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमालाही असते. संध्याकाळी बायका, पुरुष, शाळकरी मुलं शांतपणे भाषण ऐकायला बसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्याख्यान ऐकायला जाणारं गाव अजून आहे याचा मला अभिमान वाटतो.

धोमला आम्ही संध्याकाळी जातो. वाईहून ८-९ किलोमीटर, कृष्णेवरचं धरण, साठा साडेतेरा टीएमसी. धरणाच्या भिंतीपेक्षा मला धोम गावातलं नरसिंहाचं देऊळ जास्त ओढतं. तिथेच महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या पाकळ्यांच्या काठाचं एक कुंड आहे, कुंडात दगडी कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. कुंड भरलेलं असलं की कासव नंदीला घेऊन तरंगत निघाल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात पाणी नसेल तर कासवाचे पाय, मान सगळं नीट पाहता येतं. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं असं गावकरी सांगतात. धरणाच्या जलाशयात मात्र उतरू नये. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि काठाला चिकट गाळाचा उतार उघडा पडतो. वरून वाळलेला दिसणारा हा गाळ पाय धरतो. काठावर लांब बसून पक्षी पाहावेत, तेवढं पुरतं.

सूरपारंब्यांसाठी मात्र वाट वाकडी करून वडाच्या म्हसव्याला गेलंच पाहिजे. पाचवडजवळचं हे गाव. गावाच्या नावातच वड आहे, आणि तो वड आता एक झाड राहिलेला नाही. मूळ खोड केव्हाच नाहीसं झालं. त्याच्या पारंब्यांची खोडं झाली, त्या खोडांना पुन्हा पारंब्या फुटल्या, आणि अशी काही एकर जमीन त्याने व्यापली. इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात या वडाच्या घेराची मापं घेऊन नोंदवून ठेवली आहेत. मे महिन्याच्या उन्हात आत शिरलं की हवा एकदम निवते. आमची मुलं इथे सूरपारंब्या शिकली, गावातल्याच मुलांकडून. वर्तुळात काठी ठेवायची, एकाने ती पायाखालून लांब फेकायची, राज्य असलेला ती आणायला पळतो तोवर बाकीच्यांनी झाडावर चढायचं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत चढता येईल असं एकही झाड नाही. कोवळ्या पारंब्यांना लोंबकळू नये, त्या तुटतात आणि पुढच्या खोडाची शक्यता संपते. हे तिथल्या मुलांनीच आमच्या मुलांना बजावलं.

आता वरची फेरी. पसरणी हे घाटाच्या पायथ्याचं गाव शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. तिथून एसटी वळणं घेत वर चढते आणि १२-१३ किलोमीटरमध्ये आपण सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीला पोचतो. घाटात करवंदांच्या जाळ्या काळ्याशार झालेल्या असतात. पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं, तोरणं घेऊन बसलेल्या बायकांकडूनच ती घ्यावीत. टपोरी पाहून आंबट निघाली तरी हरकत नाही, मुलं "कोंबडा की कोंबडी" खेळत करवंदं फोडतात आणि द्रोण संपतो. टेबललँडला मी फार वेळ देत नाही, तिथली गर्दी सोसवत नाही. पण ते पठार सपाट का, एवढं मुलांना जरूर दाखवावं : खाली काळा बेसाल्ट, वर जांभ्याचा जाड थर, आणि तो कठीण थर टोपीसारखा वर राहिला म्हणून माथा झिजून टोकदार झाला नाही.

पाचगणीच्या पुढे ५-६ किलोमीटरवर भिलार. स्ट्रॉबेरी पिकवणारं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. ब्रिटनमधल्या हे-ऑन-वे या गावावरून ही कल्पना सुचली आणि राज्य मराठी विकास संस्थेने ती राबवली. सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तकं ठेवली गेली : घरांच्या ओसऱ्या, देऊळ, शाळा, छोटी हॉटेलं. एका घरी कथा, दुसरीकडे चरित्रं, तिसरीकडे बालसाहित्य, आणि भिंतीवर रंगवलेल्या चित्रांवरून आत काय मिळेल ते कळतं. कुणाच्याही घरात शिरायचं, पुस्तक घ्यायचं, वाचायला बसायचं. पैसे नाहीत. एका घरातल्या काकूंनी आम्हाला पाणी दिलं, "सावकाश वाचा," म्हणाल्या आणि पुन्हा भाकऱ्या थापायला गेल्या. थोरली तिथून उठायला तयार नव्हती. धाकट्याने चित्रांची पुस्तकं संपवली आणि मग काकूंच्या वासराशी मैत्री केली. आमचा अख्खा दिवस भिलारमध्येच गेला आणि महाबळेश्वरचे पॉइंट राहिले. त्याची कुणालाच खंत वाटली नाही. स्ट्रॉबेरी खायची असेल तर मात्र एप्रिलमध्येच जावं, मेमध्ये हंगाम सरत आलेला असतो.

महाबळेश्वरला जायचंच असेल तर वेण्णा तलावाऐवजी मांघरला जाऊन पाहा. २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ते जाहीर झालं. घरोघर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. एप्रिल-मेमध्ये जांभळाच्या फुलोऱ्याचा मध निघतो, गडद आणि किंचित तुरट. मधपाळ पेटीचं झाकण उघडून एकेक चौकट उचलतात, राणीमाशी दाखवतात, आणि मुलं श्वास रोखून पाहतात. चौकटी यंत्रात फिरवून मध काढला की पोळं मोडत नाही, माश्यांना पुन्हा मेण बांधत बसावं लागत नाही. पूर्वी पोळं जाळून मध काढायचे, ते का वाईट, हे त्या एका पेटीसमोर मुलांना जेवढं कळलं तेवढं पुस्तकातून कळलं नसतं.

आणि यात्रा. चैत्र-वैशाखात वाई तालुक्यात गावोगाव ग्रामदैवताच्या यात्रा असतात. रिक्षा स्टँडवर विचारलं की आज कुठल्या गावची यात्रा ते लगेच कळतं. पाळणे, गोडीशेव, रेवड्या, बत्ताशे, शिट्ट्या, संध्याकाळी पालखीचा छबिना, रात्री तमाशाचा फड, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्या. कुस्त्यांची सुरुवात लहान पोरांपासून होते, इनाम रेवड्या नाहीतर नारळ. पंच कुणाही मुलाला हाताला धरून मैदानात आणतात आणि जोड लावतात. आमच्या धाकट्याची जोड एका गावच्या मुलाशी लागली. त्याने याला दोनदा मातीत घातलं, मग दोघांनाही रेवड्या मिळाल्या आणि पुढच्या सगळ्या कुस्त्या त्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पाहिल्या. त्या मुलाच्या आजोबांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. यात्रेच्या दिवशी पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही, असा तिथला रिवाज. चुलीवरचं मटण, शाकाहारी असलेल्या आत्यासाठी वेगळी काढलेली वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, कांदा. निघताना मी पुढच्या वर्षी यात्रा किती तारखेला, असं विचारलं. आजोबा म्हणाले, "तारीख कशाला? चैत्रातली अष्टमी. पोरांना दोन दिवस आधी धाडा, म्हणजे तालमीत घुमवतो."